बंद पडलेली गाडी आणि रतामाचे झुडूप

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८



आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीत एखादी जुनी मोटार असते. वडिलांनी हौसेने घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर असेल, किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, घरोघरी 'फियाट' याच नावाने ओळखली गेलेली प्रीमियर पद्मिनी असेल. आज या दोन्ही गाड्या तयार होत नाहीत. अ‍ॅम्बॅसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला. परंतु ज्यांच्या घरी त्या आहेत, त्यांचा जीव त्यांवर असतो. मालक परगावी मुलाकडे राहावयास जातो, किंवा अंथरुणाला खिळतो, आणि गाडी शेडमध्ये उभी राहते. मार्च २०२० मध्ये सर्वच व्यवहार थांबले तेव्हा तर कित्येक गाड्या जागच्या जागी राहिल्या व नंतर कोणी त्यांना हात लावला नाही. मग केव्हातरी कोणी बोनेटवरची धूळ झटकतो, आत बसतो व किल्ली फिरवतो. 'टक्' असा एक आवाज होतो आणि पुढे काही नाही. भोवती जमलेल्यांपैकी एकजण लगेच निकाल देतो, "इंजिन गेलं. भंगारात द्या."

हा निकाल बहुतेक वेळा खरा नसतो. जी गाडी स्वतःच्या चाकांवर चालत शेडमध्ये गेली, तिचे इंजिन उभ्याउभ्या सहसा मरत नाही. क्वचित ते जाम होते, म्हणून शहाणा मिस्त्री आधी तेवढी खात्री करून घेतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तो प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडेसे तेल सोडतो आणि हँडलने इंजिन हळूच फिरवून पाहतो. ते फिरले, म्हणजे मृत्यूचा प्रश्न मिटला. मग दोष शोधावयाचा तो विजेच्या वाटेवर : बॅटरीत, सांध्यांत, तारांत, ठिणगीत. आणि तो एका क्रमाने शोधावयाचा असतो.

आता आपल्या शास्त्रपाठाकडे वळू या. कर्मेल डोंगरावर ज्या एलीयाच्या प्रार्थनेवरून स्वर्गातून अग्नी उतरला, तोच एलीया थोड्याच अवधीत रानात एका रतामाच्या झुडपाखाली पडलेला आहे. ईजबेल राणीच्या एका निरोपाने तो जीव घेऊन पळाला. त्याने स्वतःविषयी निकालही देऊन टाकला आहे : आपले आता पुरे झाले, देवाने आपला प्राण घ्यावा. म्हणजे इंजिन गेले, भंगारात टाका, असेच तो म्हणत आहे. परंतु देवाने तो निकाल मान्य केला नाही. त्याने एलीयाला रागे भरले नाही, आणि त्याच्याशी वादही घातला नाही. तो एकेक पायरी घेत गेला. तो क्रम आज आपण पाहू, कारण आपल्या मंडळ्यांमध्येही पुष्कळ दिवस उभी राहिलेली माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी आपण फार लवकर निकाल देतो.

१. आधी भरणे, मग विचारणे

बॅटरी वापरली नाही म्हणून ती जशीच्या तशी राहते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. शिसे व आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम तयार केली. तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही : ती नुसती ठेवून दिली तरी हळूहळू उतरते, आणि उन्हाळ्यात अधिक लवकर उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२ च्या आसपास आला, म्हणजे ती बहुतांशी रिकामी झाली असे समजावे. शिवाय रिकाम्या स्थितीत ती पडून राहिली, तर आतील पट्ट्यांवर जमलेले शिशाचे सल्फेट कठीण होत जाते. लवकर चार्ज केले तर ते विरघळते. वर्षानुवर्षे राहिले तर दगडासारखे बसते.

अशा बॅटरीवर वारंवार सेल्फ मारल्याने काय होणार? जे थोडे उरले आहे तेही जाईल. मिस्त्री ती उतरवून घेतो, आत पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि मोकळ्या हवेत सावकाश चार्जिंगला लावतो. साठ अँपियर-तासांची बॅटरी असेल तर सुमारे सहा अँपियरचा करंट दहा-बारा तास. या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून जवळ काडी किंवा विडी पेटवू नये. घाई केली तर बॅटरी तापते व पट्ट्या वाकतात.

एलीयाच्या बाबतीत देवाने हेच केले. दूत आला, तो काही उपदेश घेऊन आला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी घेऊन आला. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा निजला. दूताने त्याला हलवून विचारले नाही की, कर्मेलवरचा तुझा विश्वास कोठे गेला? त्याने त्याला झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा जेवू घातले. पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे, हे देवाला ठाऊक होते. येथे काय करीत आहेस, हा प्रश्न देवाने विचारला खरा. परंतु तो चाळीस दिवसांनंतर, होरेबात पोहोचल्यावर.

आपण मात्र उलटे करतो. फार दिवसांनी एखादा बंधू देवळाच्या दारात दिसला की आपला पहिला शब्द, "काय हो, रस्ता चुकलात वाटतं?" बिचाऱ्याच्या बॅटरीत जेमतेम तेवढीच शक्ती होती, ती आपण एका वाक्यात उतरवून टाकतो. त्याला आधी चहा द्यावा, आईची प्रकृती विचारावी, घरी जेवावयास बोलवावे. भाकरीचा क्रम प्रश्नाच्या आधीचा आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एलीयाने मरण मागितले होते. आपल्या मंडळीतील कोणी जगणे नकोसे झाले असे बोलू लागला, त्याची झोप व भूक गेली, तर त्याला अल्पविश्वासी म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, प्रार्थना करावी, आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जावे. काही बॅटऱ्या घरच्या चार्जरने भरत नाहीत, त्या जाणकाराच्या हाती द्याव्या लागतात. यात देवाचा काही अपमान नाही. भाकर आणि पाणी त्यानेच पाठविले होते.

२. सांध्यावरचा पांढरा थर

समजा, बॅटरी भरून आणली, बसवली, तरीही गाडी 'टक्' एवढेच म्हणते. आता हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी अजून अशक्त आहे किंवा तिच्या टर्मिनलचा सांधा खराब आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि काहीच आवाज झाला नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. किल्लीचा स्विच व सोलेनॉइडकडे जाणारी तार पाहावी. दिवे प्रखर आणि 'टक्' आवाजही येतो, तर दोष बहुधा सोलेनॉइडच्या आतील संपर्कात किंवा सेल्फच्या झिजलेल्या कार्बन ब्रशांत असतो.

पुष्कळदा दोष टर्मिनलवरच सापडतो. शिशाच्या खुंटावर पांढरा-हिरवट थर चढलेला असतो. पकड वरून घट्ट दिसते, हलवली तरी हलत नाही; पण खुंट आणि पकड यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा असतो. दोन्ही हेडलाइटना मिळून सात-आठ अँपियर पुरतात, तेवढे त्या पापुद्र्यातून जातात. सेल्फला मात्र शंभर ते दोनशे अँपियर लागतात, ते जात नाहीत. म्हणून दिवे लागतात आणि गाडी चालू होत नाही. मालक दिव्यांकडे पाहून म्हणतो, "बॅटरी तर ठीक आहे!" खात्री करावयाची असेल तर मल्टिमीटरची एक सुई खुंटावर व दुसरी पकडीवर टेकवावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगावे. काटा शून्याजवळ राहिला पाहिजे. तेथे अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर चोर सापडला.

बंधुभगिनींनो, धर्मजीवनात दिवे लागण्याला थोडाच करंट पुरतो. नाताळला नवे कपडे, लग्नाला प्रार्थना, भिंतीवर वचनाची पाटी, एवढे चालू असते आणि आपण म्हणतो, सर्व ठीक आहे. परंतु क्षमा करावयाची वेळ आली, वाटणीवरून भावाशी बोलणे थांबले, मुलगा परीक्षेत नापास झाला, म्हणजे दोनशे अँपियरची मागणी होते. तेव्हा पापुद्रा कळतो.

एलीयाकडे पाहा. आपण एकटेच उरलो, असे तो देवाला सांगतो. परंतु एक अध्याय मागे जा. ओबद्याने शंभर संदेष्ट्यांना गुहांमध्ये लपवून अन्नपाणी पुरविले होते, आणि ही गोष्ट ओबद्याने स्वतः एलीयाच्या कानावर घातली होती. म्हणजे ती बातमी त्याच्यापर्यंत आली होती, जोडलेली होती; पण भीतीचा थर मध्ये आल्यामुळे तिची शक्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

हा थर काढणे कठीण नाही. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून त्यावर ओतावा. फेस येतो व थर सुटतो. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग खुंट व पकड पॉलिश पेपरने घासून चकाकी आणावी, घट्ट बसवावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. सारे मिळून दहा रुपयांचे व अर्ध्या तासाचे काम. कित्येक घरांतील अबोला असाच असतो. तो अर्ध्या तासाच्या भेटीने सुटला असता, पण त्यासाठी वीस वर्षे कोणी बोनेट उघडले नाही.

३. अर्थची पट्टी

विजेला जाण्याची वाट असते तशी परत येण्याचीही वाट लागते. मोटारीत परतीच्या वाटेसाठी वेगळ्या तारा नसतात. गाडीचे लोखंडी अंगच ते काम करते. मिस्त्री याला 'अर्थ' म्हणतात. इंजिन मात्र रबराच्या ठोकळ्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स यांपासून गाडीच्या अंगापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी दिलेली असते. खाली, चिखलात, कोणाच्या नजरेस न येणारी. ती गंजली किंवा तुटली तर भरलेली बॅटरी आणि उत्तम सेल्फ असूनही गाडी गप्प राहते.

कधी कधी याहून विचित्र प्रकार होतो. पट्टी तुटलेली असते तेव्हा करंट दुसरी वाट शोधतो. तो चोकच्या बारीक केबलमधून किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाऊ पाहतो, आणि सेल्फ मारताना ती केबल तापून धूर निघतो. धूर केबलमधून येतो म्हणून लोक केबल बदलतात. दोष मात्र तुटलेल्या पट्टीत असतो.

एलीयाच्या गोष्टीतील एक लहानसे वाक्य आपण वाचताना ओलांडून जातो. बैर-शेबा येथे आल्यावर त्याने आपल्या सेवकाला तेथेच ठेवले आणि मग तो एकटाच दिवसभराची वाट चालून रानात गेला. त्याने प्रथम अर्थची पट्टी सोडली. त्यानंतर झुडूप, त्यानंतर मरणाची मागणी. पुष्कळजण म्हणतात, "माझा देवावर विश्वास आहे, मी घरी प्रार्थना करतो, मंडळी कशाला?" बॅटरीचे एक टोक वर जोडलेले आहे हे खरे, पण दुसरे टोक अंगाला जोडलेले नसेल तर वर्तुळ पुरे होत नाही. प्रेषित पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, ती काही शोभेसाठी दिली नाही. आणि ज्याला हे अंग मिळत नाही त्याची शक्ती भलत्याच बारीक वाटांनी जाते : चिडचिड, टीका, घरात आदळआपट. आपल्याला धूर दिसतो तो तेथला.

देवाने एलीयाला शेवटी काय सांगितले? इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक आहेत. आणि अलीशा नावाचा एक सोबती दिला. सात हजारांची संख्या आणि एक माणूस. दोन्ही लागतात. नुसती संख्या सांगून भागत नाही. दारी येणारा एक अलीशा पाहिजे.

४. धक्का आणि ठिणगी

गाडी चालू होत नाही म्हटल्यावर आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला : चार पोरे बोलवा आणि धक्का मारा. उत्साहाचे काम आहे. आरडाओरडा होतो, गाडी धडधडते, सगळे टाळ्या वाजवतात. परंतु जुन्या डायनामोची गाडी जागेवर मंद चालत असताना बॅटरी जवळजवळ भरतच नाही. समोरचा लाल दिवा तेच सांगत असतो. इंजिन बंद केले की सकाळी पुन्हा पोरे बोलवावी लागतात. धक्क्याने गाडी अडचणीतून बाहेर निघते, सांधा काही साफ होत नाही.

वर्षातून एकदा तीन दिवसांच्या संजीवन सभा होतात, त्या मला प्रिय आहेत. पुष्कळांची चाके तेथे हलली आहेत. परंतु सभेनंतरच्या सोमवारी कोणी भेटावयास गेले नाही, तर दर वर्षी त्याच माणसाला धक्का मारावा लागतो व दर वर्षी तो थोडा अधिक जड होतो. होरेबात वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर एक मंद, हळू वाणी झाली. एलीयाने तोंड झाकून घेतले आणि तो गुहेच्या दाराशी आला.

ठिणगीचेही असेच आहे. सेल्फ छान फिरतो आणि तरी इंजिन पेट घेत नाही, तेव्हा मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडतो. आत दोन लहानसे पॉइंट असतात. त्यांची उघडझाप होते तेव्हा कॉइलमध्ये बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. पुष्कळ दिवस गाडी उभी राहिली की या पॉइंटांवर एक अदृश्य पापुद्रा धरतो किंवा झाकणात दमट हवा साठते, आणि ठिणगी पडत नाही. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसावे, झाकण कोरडे करावे, पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांत सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर राहील असे पाहावे, तारा उंदरांनी कुरतडल्या असतील तर बदलाव्या. एवढ्या मोठ्या लोखंडी यंत्राचे चालणे नखाएवढ्या जागेवर अवलंबून असते. आपली रोजची दहा मिनिटांची शांत वेळ ही तेवढीच लहान जागा आहे. घरातील गलबल्यात ती सहज बुजते, आणि मग बाकीचे सर्व धार्मिक कार्य नुसतेच फिरत राहते.

५. पुन्हा रस्त्यावर

गाडी चालू झाली म्हणजे काम संपले असे समजून तिला पुन्हा शेडमध्ये ढकलू नये. तिला मोकळ्या रस्त्यावर नेऊन काही मैल चालवावी लागते. बॅटरी खऱ्या अर्थाने तेव्हा भरू लागते. देवाने एलीयाला होरेबातच ठेवून घेतले नाही. आलेल्या वाटेने परत जाण्यास सांगितले व काम दिले. परत आलेल्या माणसाला आपणही काहीतरी काम द्यावे. एकदम वडीलवर्गात घेऊ नये, पण गाण्याची पुस्तके वाटणे, आजाऱ्याची भेट घेणे, मुलांच्या सहलीला सोबत जाणे, एवढे तरी सोपवावे. ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही तो पुन्हा थांबतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

हा धडा मुलांना शिकवताना दोन सेलचा एक टॉर्च न्यावा. प्रथम तो लावून दाखवावा. मग दोन सेलांच्या मध्ये कागदाचा लहानसा तुकडा घालून बटण दाबावयास सांगावे. सेल नवे, दिवा चांगला, तरी उजेड पडत नाही. "काय बिघडलं?" असे विचारावे आणि मुलांना स्वतः शोधू द्यावे. कागद काढल्यावर उजेड पडतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरही पडतो. मग विचारावे, आपल्या वर्गात पूर्वी येणारा कोण आता येत नाही, आणि आपल्या व त्याच्यामध्ये कोणता कागद आला आहे. मुले नाव सांगतील. पुढच्या रविवारच्या आत त्याच्या घरी जावे.

वडीलवर्गाला एक नम्र विनंती आहे. वार्षिक सभेपूर्वी सभासदांची यादी तपासली जाते व पुष्कळ दिवस न आलेल्यांच्या नावांवर रेघ मारण्याचा विषय निघतो. नियम असतात, ते पाळावेत. परंतु प्रत्येक नावापुढे लेखणी टेकवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. याला कोणी भाकर नेली होती काय? याच्या व आपल्यामधला पांढरा थर कोणी घासून पाहिला काय? याची मंडळीशी असलेली पट्टी तुटली ती कोठे, आणि कोणाच्या हातून? याच्या कानाशी कोणी हळू आवाजात बोलले काय? या चारांचे उत्तर मिळेपर्यंत इंजिन गेले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि वाचक हो, ही यादी वाचताना त्यात स्वतःचेच नाव दिसत असेल, तर रतामाच्या झुडपाखाली भाकर आली होती एवढे ध्यानात ठेवा. एलीयाने स्वतःविषयी दिलेला निकाल देवाने मानला नाही. तो तुमचाही मानणार नाही. उठा, आधी थोडे खा; आणि या रविवारी, मागच्या बाकावर का होईना, येऊन बसा.

प्रभू आपणां सर्वांस तशी कृपा देवो. आमेन.